काठी कोणासाठी?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

माणूस आपली साधने निवडतो, असे आपण म्हणतो. वास्तविक पाहता पुष्कळदा साधनेच माणसाला निवडतात. दुकानाच्या काचेआड ज्या वस्तूवर दिवा सोडलेला असतो ती वस्तू आपले बोट धरून आपल्याला आत नेते, आणि घरी आल्यावर आपण तिच्यासाठी काम शोधू लागतो. या सामान्य विधानाची परीक्षा पाहण्यासाठी मी मुद्दाम एक असामान्य उदाहरण घेतले आहे : मोठी कृत्रिम आमिषे फेकण्यासाठी लागणारी गळाची काठी. विषय वाचून काही वाचक हसतील, काही पान उलटतील. त्यांना माझी विनंती एवढीच, की हसून झाल्यावर पुढे वाचावे.

आपल्याकडे गळाने मासे धरणे काही नवीन नाही. कोकणात खाडीकाठी गरवायला बसणारा माणूस अनेकदा काठीही वापरत नाही. तंगूस बोटावर घेतो, आणि मासा आमिषाला तोंड लावतो की नुसता हुंगतो हे त्या बोटालाच कळते. नदीकाठची मुले कळकाची काठी तोडतात व तिला दोरी बांधतात. परंतु मोबाईलच्या पडद्यावर आज जगातील कोणताही खेळ घरबसल्या दिसतो, आणि त्यामुळे कॅलिफोर्नियातील जलाशयांवर आठ फुटी काठीने वीतभर लांबीचा खोटा मासा भिरकावणारी माणसे आपल्या तरुणांनाही ओळखीची झाली आहेत. पाहिले की हवेसे वाटते, हवेसे वाटले की विकत घ्यावेसे वाटते. म्हणून हा विषय परका असला तरी त्यातला प्रश्न आपलाच आहे.

प्रथम त्या खोट्या माशाविषयी. त्याला ‘स्विमबेट’ म्हणतात. पोहणाऱ्या माशाची ही प्रतिकृती असते. कधी लाकडाची किंवा कठीण प्लॅस्टिकची व सांध्यांनी जोडलेली, तर कधी मऊ रबरासारख्या द्रव्याची. ती जन्मली त्यामागे मोठी गंमतीची कारणपरंपरा आहे. लार्जमाउथ बास हा मासा कॅलिफोर्नियातील मूळचा नव्हे. त्यातही फ्लॉरिडाकडील, अधिक वाढणारा बास १९५९ साली सॅन डिएगोच्या जलाशयांत आणून सोडण्यात आला. त्याच प्रांतातील अनेक जलाशयांत हौशी लोकांना धरता यावेत म्हणून रेनबो ट्राउट मासे हॅचरीत वाढवून सोडले जात. माणसांसाठी सोडलेले हे ट्राउट बासने खाल्ले, आणि तो अवाढव्य वाढला. कॅस्टेइक, कॅसिटास ही जलाशयांची नावे मासेमाऱ्यांच्या तोंडी झाली. १९९१ साली कॅस्टेइकमध्ये २२ पौंडांचा बास सापडला. मग चतुर माणसांनी विचार केला, की जो मासा वीतभर ट्राउट गिळतो त्याला बोटभर आमिष कशाला दाखवायचे? त्यांनी ट्राउटच्याच आकाराची व रंगाची आमिषे घडविली. सरकारी खर्चाने वाढविलेल्या माशाची नक्कल करून खाजगी खर्चाने मोठा मासा धरायचा, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात रस वाटला तर नवल नाही.

आता काठीचा प्रश्न का उद्भवला ते पाहू. बाससाठी वापरली जाणारी नेहमीची आमिषे पाव औंस ते एक औंस वजनाची, म्हणजे ७ ते २८ ग्रॅमची असतात. आठ इंची मऊ ट्राउट सुमारे पाच औंसांचा, म्हणजे १४० ग्रॅमच्या घरातला. नेहमीच्या काठीने तो फेकणे म्हणजे छत्रीच्या काडीने वीट उडविण्यासारखे आहे. काठी मोडते, किंवा दोरी तुटून आमिष एकटेच तळ्यात जाते. आणि काही हस्तनिर्मित आमिषांची किंमत शेकडो डॉलर असते हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ‘एकटेच’चा अर्थ कळतो. प्रारंभी या कामासाठी वेगळी काठी नव्हतीच. लोकांनी समुद्रातील मासेमारीच्या काठ्या आणून भागविले. पुढे कारखान्यांनी खास काठ्या काढल्या. आज त्या इतक्या आहेत, की त्यांतली कोणती घ्यावी हाच एक स्वतंत्र अभ्यासविषय होऊन बसला आहे.

या बाबतीत माझे मत थोडक्यात असे : काठी माशासाठी निवडायची नसते, ती आमिषासाठी व आपल्या हातासाठी निवडायची असते. जो ग्राहक दुकानात शिरताना डोळ्यांपुढे वीस पौंडांचा मासा घेऊन जातो, तो हमखास चुकीची काठी घेऊन बाहेर येतो.

हे म्हणणे विरोधाभासाचे वाटेल. पण साधा हिशेब करून पाहा. दिवसभरात एखाद्याने ३०० वेळा आमिष फेकले असे धरू. आमिष १४० ग्रॅमचे. म्हणजे दिवसाकाठी ४२ किलो वजन त्याने आपल्या खांद्याने आणि मनगटाने हवेत उडविले. मोठा मासा मात्र एखाद्या दिवशी लागतो, आणि कित्येक दिवस लागत नाही. ज्या कामासाठी साधन शंभरातील नव्व्याण्णव वेळा वापरायचे ते काम फेकण्याचे आहे, ओढण्याचे नव्हे. तेव्हा जी काठी फेकताना हाताला साथ देते तीच चांगली. मग दुकानदार तिच्या ताकदीविषयी काही सांगो.

इथे दोन इंग्रजी शब्दांचा घोटाळा सोडविणे भाग आहे, कारण पुष्कळांचे पैसे या घोटाळ्यातच बुडतात. काठीच्या मुठीजवळ बारीक अक्षरांत ‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ लिहिलेले असते. पॉवर म्हणजे काठी वाकविण्यास किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कोठे वाकते. फक्त शेंडा वाकणारी ती ‘फास्ट’. मध्यापर्यंत वाकणारी ती ‘मॉडरेट’. ‘हेवी’, ‘एक्स्ट्रा हेवी’ ही विशेषणे पॉवरची. या विशेषणांना सर्व कारखान्यांना बंधनकारक असे एकच माप नाही. एकाची ‘हेवी’ ती दुसऱ्याची ‘मीडियम हेवी’ असू शकते. म्हणून विशेषणांवर विसंबू नये. शेजारी छापलेला आमिषाच्या वजनाचा आकडा पाहावा. साहित्यात काय किंवा बाजारात काय, विशेषणांपेक्षा नाम अधिक प्रामाणिक असते!

तो आकडाही डोळसपणे वाचला पाहिजे. समजा काठीवर ‘२ ते ८ औंस’ असे छापले आहे. याचा अर्थ दोन औंसांपासून आठ औंसांपर्यंत सारे सारख्याच सुखाने फेकता येईल, असा नव्हे. दोन औंसांना ती पुरेशी वाकणार नाही, आणि काठी वाकल्याखेरीज तिच्यात जोर साठत नाही. आठ औंसांना ती कण्हू लागेल. ज्या आमिषाशी आपला रोजचा व्यवहार आहे त्याचे वजन या दोन टोकांच्या मध्याच्या आसपास पडावे, हा साधा नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

आता ताठपणाविषयी. बाजारात असा समज दृढ आहे, की मोठ्या माशासाठी जितकी ताठ काठी तितकी उत्तम. हा समज मला मान्य नाही; आणि त्याचे कारण शाळेत शिकलेल्या तरफेत आहे. काठी दोन हातांनी धरली असता दोन हातांमधील अंतर ४० सेंटिमीटर आणि पुढच्या हातापासून शेंड्यापर्यंतचे अंतर २ मीटर आहे असे समजा. मासा शेंड्याला काटकोनात २ किलोच्या जोराने ओढू लागला तर मागच्या हाताला १० किलोचा जोर लावावा लागेल. म्हणजे लांब काठी हे माशाच्या हातात दिलेले शस्त्र आहे. परंतु काठी वाकली की हा लांब दांडा प्रत्यक्षात आखूड होतो, कारण ओढ शेंड्यावरून सरकून मध्याकडे व बुंध्याकडे येते. वाकणारी काठी माणसाच्या बाजूने लढते आणि न वाकणारी काठी माशाच्या बाजूने, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरे असे, की सांध्यांच्या आमिषाला बहुधा तिहेरी गळ लावलेले असतात. त्यांची टोके लहान असतात व ती वरवर रुततात. मासा पाण्याबाहेर उसळून मान झटकतो तेव्हा ताठ काठी त्या झटक्यासरशी गळ उपसून काढते. लवचिक काठी झटका पिऊन टाकते. मऊ आमिषाच्या पाठीवर मात्र एकच जाड व मोठा गळ असतो. तो माशाच्या जबड्यात रुतवायला जोर हवा, आणि तेथे ताठपणाचे पुरस्कर्ते बरोबर आहेत हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हा जोर बुंध्यात असला म्हणजे पुरे. तो शेंड्यापर्यंत असण्याची गरज नाही. बुंधा खंबीर, मध्य लवचिक आणि शेंडा नम्र, अशी काठी दोन्ही कामे करते. माणसांतही हे तीन गुण एकत्र आले तर आपण त्याला चांगला माणूस म्हणतो.

दोरीचाही येथे संबंध आहे. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणजे थोडी लवचिकता ती स्वतःच पुरविते. विणलेली, ज्याला ‘ब्रेड’ म्हणतात ती दोरी जवळजवळ ताणली जात नाही. विणलेली दोरी आणि ताठ काठी अशी जोडी जमविणारा माणूस दोन रागीट माणसांचे लग्न लावतो. एकाने तरी सोसले पाहिजे.

लांबीबाबत फार लिहीत नाही. साडेसात ते आठ फूट ही लांबी प्रचलित आहे आणि ती योग्यच आहे. कारण जड आमिष मनगटाच्या झटक्याने फेकायचे नसते, दोन्ही हातांनी संथ आणि रुंद कमान काढून सोडायचे असते. त्यासाठी मागची मूठ लांब हवी. मात्र होडीत उभा राहणारा आणि झाडीतून वाट काढीत काठावर उभा राहणारा यांची गरज एक नसते. फांद्यांखाली आठ फुटी काठी घेऊन उभे राहणे हे दारातून शिडी आडवी नेण्यासारखे आहे.

द्रव्याचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे, कारण त्याचे एक टोक आपल्या देशात आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या चिपा चिकटवून काठ्या करीत, आणि त्यासाठी ते जो बांबू वापरीत त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. तो आपल्या देशातून तिकडे जाई. पुढे चीनमधील ‘टॉन्किन’ बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले, आणि १९७० नंतरच्या दशकात ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे तंतू आले. ग्रॅफाइट हलके, ताठ आणि संवेदनशील, पण ठिसूळ. कोठे बारीकसा टवका उडाला तर पुढे एखाद्या दिवशी तेथेच कडकन मोडते. फायबरग्लास जड आणि मंद, पण सोशिक. जाहिरातीत नेहमी नवे द्रव्य जुन्याला हरवते. प्रत्यक्षात जड आमिषांसाठी या दोहोंच्या मिश्रणाची काठी कित्येकांना अधिक मानवते, कारण इथे संवेदनशीलतेपेक्षा सोशिकपणाला किंमत आहे. जुने टाकून देण्यापूर्वी त्याचा कोणता गुण आपण टाकीत आहोत हे पाहावे, एवढाच याचा मथितार्थ.

आता विक्रेत्यांचे एक म्हणणे तपासू. ते सांगतात की आमिषाच्या प्रत्येक वजनगटाला वेगळी काठी हवी, म्हणजे किमान तीन. तांत्रिकदृष्ट्या हे खोटे नाही. आठ औंसांच्या पलीकडचे आमिष, म्हणजे २२६ ग्रॅमच्या वरचे, मध्यम काठीने फेकू नये हे उघड आहे. पण किती जण ते फेकतात? दोन ते पाच औंसांत ज्याचे काम भागते त्याला मध्यम ताकदीची एक काठी पुरते, आणि बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. दुसरी काठी गरज पडल्यावर घ्यावी, गरज पडेल म्हणून घेऊ नये. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर प्रतिष्ठेसाठी घेतली जाते, हे त्याचे निरीक्षण. भिंतीवर ओळीने टांगलेल्या, पाणी न पाहिलेल्या काठ्यांची छायाचित्रे पाहिली की हा ग्रंथ अजून जुना झालेला नाही असे वाटते.

या संदर्भात जॉर्ज पेरी या जॉर्जियातील शेतकऱ्याची गोष्ट आठवते. १९३२ च्या जून महिन्यात, मंदीच्या काळात, त्याने माँटगोमरी सरोवरात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. सांगतात की त्याच्यात आणि त्याच्या सोबत्यात मिळून एकच काठी होती आणि एकच आमिष. आणि तो विक्रमी मासा घरच्यांनी शिजवून खाल्ला. हा विक्रम ७७ वर्षे टिकला. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित मोठा, १०.१२ किलोचा बास धरला; पण नव्या विक्रमासाठी किमान दोन औंसांचा फरक लागत असल्याने दोघांची बरोबरी झाली. आणि कुरितांचे आमिष तरी कोणते? जिवंत ब्लूगिल मासा! म्हणजे जगातील सर्वांत मोठे दोन बास महागड्या स्विमबेटवर सापडलेले नाहीत. याचा अर्थ साधने निरुपयोगी आहेत असा मी काढीत नाही. साधनांकडून किती अपेक्षा करावी याची मर्यादा मात्र यातून दिसते.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून जाणे योग्य होणार नाही. कोणी म्हणेल, “लवचिक काठीने मासा ओढायला वेळ लागतो, दमलेला मासा सोडला तरी मरतो. मग दया कोठे राहिली?” आक्षेप रास्त आहे. परंतु मी दुबळी काठी सुचवीत नाही. बुंध्यात ताकद हवीच, ती याचसाठी. शिवाय माशाला इजा केवळ लांबलेल्या झुंजीने होते असे नाही, ती तुटलेल्या दोरीनेही होऊ शकते. जबड्यात तीन तीन काट्यांचे वीतभर लाकूड अडकवून घेऊन जो मासा खोल पाण्यात निघून जातो, त्याचे पुढे काय होते हे पाहायला कोणी जात नाही. चुकीच्या काठीची किंमत अशी दुसराच कोणी मोजतो. या साऱ्या चर्चेत माझ्या दृष्टीने महत्त्वाचे काही असेल तर ते हेच. काठीची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न न राहता नीतीचा प्रश्न होतो तो इथे.

आणि नीतीही सर्वत्र एक नसते. कॅलिफोर्नियात मोठा बास दोन्ही हातांचा आधार देऊन अलगद पाण्यात सोडणे हा सभ्यपणा समजला जातो. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३ पासून धरलेला बास वा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. त्यांच्यासाठी काठावर पेट्या ठेवलेल्या असतात. कारण परक्या माशांनी तेथील मूळचे मासे फस्त केले. ब्लूगिल जपानात आले ते १९६० मध्ये, तत्कालीन युवराज अकिहितो यांना शिकागोत मिळालेल्या भेटीतून. आणि स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक असलेल्या अकिहितो यांनी सम्राटपदी असताना, २००७ मध्ये, त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडेही थाई मांगूर या परक्या माशावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तेव्हा पडद्यावरचा खेळ पाहून काठी मागवणाऱ्याने निदान खेळाबरोबर मासाही आणावासा वाटू देऊ नये! आपल्या तळ्यांत मरळ आहे, नद्यांत महसीर आहे. मरळीसाठी पाच औंसांची काठी नेणे हा काठीचाही अपमान आहे आणि मरळीचाही.

मग निवड करायची कशी? माझे उत्तर साधे आहे. आपण जे आमिष सर्वांत अधिक वापरणार ते, किंवा तेवढ्या वजनाचे काहीतरी, खिशात घालून दुकानात जावे. जे रीळ लावणार ते काठीवर बसवून घ्यावे आणि तोल पाहावा. आमिष शेंड्यापासून हातभर खाली लोंबते ठेवून काठी हळूच मागे न्यावी. ती मध्यापर्यंत जागी होते का ते पाहावे. दोरीच्या कड्या नीट बसल्या आहेत का, मागची मूठ बगलेत अडखळते का, हे पाहावे. दहा मिनिटे तशीच धरून उभे राहावे. मनगटाने तक्रार केली तर विशेषणे कितीही मोठी असोत, काठी परत ठेवावी.

सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड बॅट वापरीत असे हे सर्वांना ठाऊक आहे. ती बॅट उचलून कोणी तेंडुलकर होत नाही. आणि हलकी बॅट घ्या असा उपदेश ऐकून त्याने ती सोडली असती तर कदाचित तोही तेंडुलकर झाला नसता. त्याने बॅट गोलंदाजाकडे पाहून घेतली नाही, आपल्या हाताकडे पाहून घेतली. तंबोरा घेणाऱ्याने आपला स्वर ओळखावा, लेखणी घेणाऱ्याने आपले अक्षर, आणि आम्ही पदवीच्या उंबरठ्यावर उभे असलेल्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय निवडताना आपला कल. मासा केवढा लागेल हे कोणाच्याच हाती नाही. फेकायचे मात्र रोज आहे, आणि ते आपल्याच हाताने.